पंप आणि हातावरचे डाग
गोरेगावात जोडरस्त्याच्या कामाची धूळ आणि पावसाळ्यात भिंतींवर धरणारी बुरशी दम्याला पोसतात. अशा जागी कुणी हातावर निळे डाग उठले म्हणून दम्याचा पंप (इन्हेलर) बंद करावा, याची मला फार काळजी वाटते. डाग खोटे नाहीत. पंपातले स्टेरॉइड जास्त मात्रेत वर्षानुवर्षे घेतले, तर विशेषतः वयस्कांची त्वचा पातळ होते, जराशा धक्क्याने रक्त साकळते. मग स्टेरॉइडची गोळी बरी, असे म्हणणाऱ्याने मात्रा पाहावी: पंपातल्या ब्युडेसोनाइडचा एक झोत बहुधा २०० मायक्रोग्रॅमचा, तर दमा उसळल्यावर गोळीतले प्रेडनिसोलोन दिवसाला ४० मिलिग्रॅमही लागते. दोन्हींची ताकद सारखी नाही, हे मान्य. तरी गोळी सगळ्या शरीरात फिरते, आणि पंप सोडणारा शेवटी तिच्याकडेच ढकलला जातो. डाग डॉक्टरांना दाखवावेत, मात्रा उतरवता येईल का ते विचारावे. तोवर पंप चालूच ठेवावा.