पैनगंगेपलीकडचं हैदराबाद पुन्हा पाहिलं!

पांढरकवड्याहून हैदराबादला निघणार असाल तर आधी हे ऐका. जुबिली बसस्थानकावर उतरल्यावर रिक्षा शोधत बसू नका. शेजारीच मेट्रोचं स्थानक आहे. जिना चढा, तिकीट काढा आणि हिरव्या मार्गाची गाडी पकडा. गांधी हॉस्पिटल, मुशीराबाद, चिक्कडपल्ली, नारायणगुडा करत ती थेट सुलतान बाजारात नेऊन सोडते. सुलतान बाजारात! म्हणजे हैदराबादच्या मराठी माणसाच्या अगदी दारात! कॉलेजच्या दिवसांत मी काचीगुड्याला राहायचो. तेव्हा हेच अंतर सिटी बसच्या दांड्याला लटकत, घामाघूम होत कापायचो. आता गार डब्यात उभा राहून खालची गर्दी बघत होतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटत होतं, अहो, हे सगळं नवीन आहे, तुम्हाला कल्पना आहे का?

आपल्याकडची जुनी माणसं पैनगंगा ओलांडायची म्हणजे ‘मोगलाईत’ जायचं म्हणत, आणि त्यांच्या दृष्टीने तो खरोखरच परमुलूख होता. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. तेव्हापासून आपण इंग्रजी अमलाखाली आणि नदीपलीकडचं आदिलाबाद निजामाच्या राज्यात. आपल्याकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकलं. आज पाटणबोरी, पिंपळखुटी मागे पडतं, पूल येतो, पाट्यांवर तेलुगू अक्षरं दिसू लागतात. दोन्ही बाजूंच्या शेतांत कपाशी मात्र तीच.

आदिलाबादला मी एसटीतून उतरून तेलंगणाची एक्स्प्रेस बस धरली. पांढरकवड्यापासून सोबत असलेल्या एक मावशीही त्याच एक्स्प्रेसमध्ये चढल्या. लेकीकडचा मुक्काम आटोपून त्या घरी निघाल्या होत्या. आपल्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ते त्यांनी काढलेलं मी पाहिलं होतं. इथे कंडक्टर आला, मावशींनी आधार कार्ड पुढे केलं आणि त्याने शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात दिलं. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत तिथल्या रहिवासी बायकांचा प्रवास मोफत आहे. ‘‘बघा भाऊ, नदीच्या तिकडं अर्धं, इकडं फुकट. आता महिन्यात दोनदा जातो लेकीकडं,’’ मावशी म्हणाल्या आणि तिकिटाची घडी करून बटव्यात ठेवली. गाडीत बायकाच बायका होत्या. कुणी कामाला निघालेली, कुणी माहेरी, कुणी दवाखान्यात. माझ्या कॉलेजच्या काळात या रस्त्यावर एकट्याने प्रवास करणाऱ्या एवढ्या बायका मी कधी पाहिल्या नव्हत्या. हैदराबादला पोचायच्या आधीच एक मोठा बदल माझ्या शेजारी बसलेला होता!

मेट्रोचा पहिला टप्पा नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि ही हिरवी मार्गिका ७ फेब्रुवारी २०२० ला. सुलतान बाजाराच्या चिंचोळ्या गल्लीवरून पूल जाणार म्हटल्यावर तिथल्या व्यापाऱ्यांनी मोठा विरोध केला होता. बाजार उठेल ही त्यांची भीती रास्त होती. म्हणून उतरल्यावर मी आधी दुकानंच बघितली. साड्या, बांगड्या, चपला, पर्सा, घासाघीस, सगळं जागच्या जागी! डोक्यावरून गाडी जाते, खाली बाई दुकानदाराला ‘‘नक्को, जास्ती बोलताव तुम’’ म्हणून पुढे निघते. मी फोनवर घरी मराठीत बोलत होतो, ते ऐकून एका साडीवाल्या काकांनी हाक मारली.

‘‘कोणत्या गावचे तुम्ही?’’

‘‘पांढरकवड्याचा.’’

‘‘अरे, मग शेजारचेच की! आमची काकू वणीची. हौ, बसा ना जरा, चहा घेऊ.’’

बसलो. काकांनी सगळा भाग पुन्हा समजावून दिला आणि मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत राहिलो. जवळच जांबागेत १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था. निजामाच्या राज्यात, उर्दूचा अंमल असताना, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक, पंडित सातवळेकर अशा मंडळींनी ती उभी केली. आणि १९२२ सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय, म्हणजे शंभरी ओलांडलेलं. शहर एवढं पालटलं, तरी मराठी पुस्तक हातात घेऊन बसायची जागा टिकली आहे, याचं मला मेट्रोपेक्षाही जास्त अप्रूप वाटलं. तिथून चालत मोअज्जमजाही मार्केटला गेलो. काळवंडलेली, फलकांनी झाकलेली इमारत म्हणून मला ते आठवत होतं. २०२० मध्ये दुरुस्त होऊन खुलं झाल्यापासून त्याचा दगड उजळला आहे, घड्याळाचा मनोरा मान वर करून पाहावासा वाटतो, आणि आइस्क्रीमची दुकानं अजून तिथेच!

हुसेनसागराच्या काठी मात्र मी खरोखर थबकलो. तळ्यातला बुद्ध माझ्या ओळखीचा, तो १९९२ पासून उभा आहे. पण आता काठावर बाबासाहेब उभे आहेत! १२५ फुटांचा पुतळा, खाली ५० फुटांचा संसदेच्या आकाराचा चौथरा. १४ एप्रिल २०२३ ला अनावरण झालं. घडवला कुणी? आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावच्या राम सुतारांनी! शेजारच्या नव्या सचिवालयालाही बाबासाहेबांचंच नाव. याच शहरातल्या उस्मानिया विद्यापीठाने जानेवारी १९५३ मध्ये त्यांना डी.लिट. दिली होती. पुतळ्याच्या पायथ्याशी नांदेडकडचं एक कुटुंब आलं होतं. आजोबांनी नातवाला खांद्यावर घेतलं, चौथऱ्याकडे बोट दाखवलं आणि संविधान म्हणजे काय ते सांगायला लागले. मराठीत. आजूबाजूचे तेलुगू लोक वाट देऊन बाजूला झाले.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते! गांधी हॉस्पिटल स्थानकापासून जवळ बन्सीलालपेट नावाची दाट वस्ती आहे. विद्यार्थी असताना मी त्या बाजूने अनेकदा गेलो असेन, पण पायाशी सतराव्या शतकातली पायऱ्यांची विहीर आहे, हे कळायचा मार्गच नव्हता, कारण ती कचऱ्याने काठोकाठ भरलेली होती. वास्तुविशारद कल्पना रमेश यांच्या पुढाकाराने आणि महापालिकेच्या मदतीने ती उपसली, गाळ काढला, निखळलेले दगड बसवले. ५ डिसेंबर २०२२ ला ती लोकांसाठी खुली झाली.

मी कठड्याशी उभा राहिलो आणि बघतच राहिलो. दोन्ही अंगांनी दगडी पायऱ्या खाली उतरतात, बाजूला खांबांच्या ओवऱ्या, आणि तळाशी पाणी! हिरवट, शांत, जिवंत पाणी! हे पाणी कुणी नळाने आणून ओतलेलं नाही, गाळ उपसल्यावर झरे मोकळे झाले. एका खांबावर हात ठेवला. दगड गार होता, एकीकडची कड झिजून गुळगुळीत झाली होती. किती जणींनी तिथे हात टेकून कमरेवरची घागर सावरली असेल! शेजारच्या घरातली शाळकरी मुलगी मला तेलुगूमिश्रित हिंदीत माहिती देत होती, ‘हमारी बावडी’ म्हणत होती. जिच्या काठी तिच्या आईने नाक दाबून दिवस काढले, तीच विहीर आज तिच्यासाठी पाहुण्याला हात धरून दाखवायची गोष्ट झाली आहे. मेट्रो बांधायला पैसा आणि यंत्रं लागतात. या विहिरीसाठी माणसांना कचऱ्याच्या ढिगाखाली पाणी आहे हे आधी मानावं लागलं, आणि मला या शहरातला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो.

आपल्या केळापूर तालुक्यातल्या शाळांना, शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. हैदराबादची सहल काढता, चारमिनार दाखवता, गोवळकोंडा दाखवता, जरूर दाखवा. पण त्यातला एक तास बन्सीलालपेटच्या विहिरीसाठी ठेवा. पोरांना पायऱ्यांशी उभं करा, आधीचे कचऱ्याचे फोटो दाखवा आणि मग पाणी दाखवा. आपल्या गावांतही बुजत चाललेल्या विहिरी आहेत. परत आल्यावर त्याच पोरांना त्यांची यादी करायला लावा.