पांढरी पाटी, पिवळी पाटी

होस्टेलवर कुणी विचारलं, "तुझं गाव कोणतं रे?" की मी सरळ "बारामती" सांगून मोकळा होतो. कोऱ्हाळे बुद्रुक म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे कुठं?" नीरा-बारामती रस्ता, डाव्या कालव्याचं पाणी आणि सोमेश्वर कारखान्याला जाणारा ऊस, एवढ्यात आमचं गाव आलं. पण सेकंड इयरपासून दोन्ही विंगमध्ये माझं नाव 'जिप्सी' पडलंय. ते का पडलं हे बऱ्याच जणांना अर्धवटच माहीत आहे. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

जिप्सी आमच्या तात्यांची. तात्या माझे धाकटे चुलते. बारा वर्षं मस्कतला एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. तिथे त्यांच्या मालकाची वाळूत फिरणारी निस्सान पेट्रोल त्यांच्या मनात भरली होती. २०२२ मध्ये कायमचं घरी यायचं ठरलं तेव्हा फोनवर म्हणाले, "मालक स्वस्तात देतोय. जहाजात घालून आणतो!" आजीने नारळसुद्धा बाजूला काढून ठेवला. मी नुकतीच मेकॅनिकलला ॲडमिशन घेतलेली, म्हणजे घरातला एकमेव 'इंजिनिअर'. साहजिकच चौकशीचं काम माझ्या गळ्यात.

नियम वाचले आणि फटाका फुसका निघाला. बाहेरून आणायची वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ही नऊ वर्षांची. स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे, ओमानच्या गाड्यांचं डावीकडे. उतरवायची ती मुंबई बंदरातच. आणि वर कस्टम ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त! तात्यांना हे सांगितलं तर ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बरं. मग लेका, आपल्याकडंच कायतरी बघ की."

ते 'कायतरी' २०२३ मध्ये बेळगावात सापडलं. एका बागायतदाराची २०१५ ची मारुती जिप्सी. तेराशे सीसी पेट्रोल इंजिन, चारही चाकांना पाटे, फोर व्हील ड्राइव्हचा वेगळा लिव्हर, वर कापडी हूड आणि मागे समोरासमोर बाक. समुद्र ओलांडायचा नव्हता, नुसती राज्याची हद्द ओलांडायची होती. पण त्यालाही कागद लागतातच. तिकडच्या कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र, इकडचा कर, मालकी बदलाचे फॉर्म, चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा (तो मी घेतला, तिसऱ्या खेपेला जमला). परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो. तात्यांनी दोन महिन्यांतच घेतला. एमएच ४२, पांढरी पाटी.

तात्यांचा बेत मोठा होता. मोरगावला गणपतीला लोक येतातच. तिथून सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जवळ. आहे जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा आहेत. पुढे शिर्सुफळ, कडबनवाडीचे माळ, तिथे लांडगे. "ताडोबात जिप्स्या चालतात, मग आपल्या माळावर का नाय?" पण भाडं घ्यायचं तर गाडी व्यावसायिक पाहिजे, म्हणजे पिवळी पाटी. घरात सगळ्यांनी मोडता घातला. खर्च किती, दरवर्षी पासिंग, उद्या विकायची म्हटलं तर भाव पडतो. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. "तात्या, गावोगाव पांढऱ्या पाटीवर वडाप चालतंय. कोण बघतंय?" तात्या म्हणाले, "दिवाळीनंतर बघू."

दिवाळीच्या आधीच मी उद्योग केला.

ऑक्टोबरात पाच मित्र गावी आले. "दोस्तांना जरा फिरवून आणतो" सांगून किल्ली घेतली. प्रत्येकाकडून ३०० रुपये आधीच घेतले होते. पेट्रोल साताठशेचं, बाकी माझी कमाई! सुपं बघून झालं. येताना, शॉर्टकट म्हणून, मी गाडी कालव्याच्या भरावावर घातली. रात्री पाऊस झालेला, काळी माती. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मी घाईत कड दाबली आणि मागची चाकं घसरली. फोर व्हीलचा लिव्हर टाकायचं मला सुचलंसुद्धा नाही. गाडी उलटली नाही, कलून लिंबाला टेकली. पण मागच्या बाकावरचा माझा रूम पार्टनर बाहेर फेकला गेला. कालव्याच्या बाजूला नाही, उसाच्या बाजूला. यावर मी अजून रात्री जास्त विचार करत नाही.

त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागली. आणि हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी काय केलं? चौघांना गोळा करून सांगितलं, "कुणी पैसे दिले म्हणून बोलायचं नाही हां." कारण मोबाइलवर पॉलिसी उघडून बघितली होती. खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने केलेला वापर चक्क वगळलेला असतो. पंधराशे रुपयांसाठी कंपनी हात वर करू शकत होती.

तात्यांना कळलं ते विचित्र तऱ्हेने. पडलेल्या मित्राच्या वडिलांनी त्याचा फोन हातात घेतला, तर पैसे पाठवल्याच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं, 'जिप्सी ३००'. त्यांनी तात्यांना शांतपणे विचारलं, "तुमची भाड्याची गाडी आहे का?" तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"हां. पोरानं भाडं घेतलंय," तात्या म्हणाले.

मी नंतर जिन्यात त्यांना सांगायला गेलो, की अजून क्लेम टाकता येईल, दोस्त म्हणून नेलं म्हणायचं. तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं. "आन उद्या त्याच्या बापाच्या म्होरं कसा बसू?" एवढंच बोलले. बिल ९४,००० झालं. ते ठिबकसाठी ठेवलेल्या पैशांतून गेलं. त्या उन्हाळ्यात आमच्या उसाला पाटानेच पाणी दिलं, आणि बाऱ्यावर रात्री मी होतो.

२०२४ च्या सुरुवातीला तात्यांनी पिवळ्या पाटीचा अर्ज केला. एजंट म्हणाला, "मालक, कशाला? नसती भानगड." तात्या म्हणाले, "तुझी फी घे आन फॉर्म भर." कराचा फरक, व्यावसायिक विमा, फिटनेस, परमिट. हे सगळं दोन महिने चाललं. नव्या व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी लागतं, नंतर दरवर्षी. आमची आठ वर्षांच्या पुढची, त्यामुळे दरवर्षी. परमिटमधली एक गोष्ट मला तेव्हाच कळली. पूर्ण गाडी एका पार्टीला भाड्याने द्यायची, वाटेत एकेक सीट भरत जायचं नाही. म्हणजे पिवळी पाटी लावूनही वडाप करता येत नाही! तात्यांनी पावतीपुस्तक छापून आणलं. आजीने तो जुना नारळ शोधला, तो कधीच नासला होता. नवा आणला.

जानेवारी २०२५ मध्ये तोच मित्र परत गावी आला. मी बोलावलं नव्हतं, मला धीरच झाला नसता. त्याने परस्पर तात्यांना फोन केला, "काका, सुपं नीट बघायचं राहिलं." तात्यांनी त्याला पुढे बसवलं. मी मागच्या बाकावर, नेमका त्याच्या जुन्या जागी. साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम ठेवलं. ही माहिती मी मागून मुद्दाम मोठ्याने दिली. तात्यांचं घटनापीठ मात्र अजून बसलेलं नाही. किल्ली त्यांच्याच खिशात असते.

निघताना मित्राने पैसे काढले. मला वाटलं, तात्या "राहू दे रं" म्हणतील. तात्यांनी मोजून घेतले, पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि बाक धरून बसायला मला सांगितलं.

चिंकारा काही दिसला नाही. एक मुंगूस दिसलं, तेही गेटच्या बाहेर.