काळोखाची राखण

अरबस्तानचे द्वीपकल्प पूर्वेकडे जिथे संपते, तिथे ओमानमधील रास अल जिन्झ हा किनारा आहे. रास म्हणजे भूशिर, समुद्रात घुसलेले जमिनीचे टोक. उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या इथल्या वाळूत हिरवी समुद्री कासवे कमीअधिक संख्येने वर्षभर, आणि उन्हाळ्यात सर्वाधिक, अंडी घालायला येतात, म्हणून १९९६ मध्ये रास अल हद्द कासव अभयारण्य घोषित करून ओमानने हा टापू राखला. वाळू आणि समुद्र इथे होतेच. खरे राखायचे होते ते इथल्या रात्रीचे काळेपण.

पाण्याबाहेर पडलेली मादी कमालीची बुजरी असते आणि दिवा चमकला, कोणी समोरून चालत गेले, तरी अंडी न घालताच माघारी वळते. एकदा अंडी पडू लागली की मात्र तिला भोवतालची फारशी शुद्ध राहत नाही. त्यामुळे पाहायला आलेल्यांना त्या क्षणापर्यंत दूर थांबावे लागते. दिसत काहीच नाही, फक्त वाळू उपसल्याचा आवाज थांबून थांबून येत राहतो. हे ताटकळणे अनेकांना नकोसे वाटते, पण कासव पाहण्याचा अधिक मोलाचा भाग कदाचित तोच असावा, कारण तेवढा वेळ माणूस तिच्या वेळापत्रकाने वागतो.

पुढच्या वल्ह्यांनी, म्हणजे पोहण्यासाठी चपट्या झालेल्या पायांनी, ती आधी अंग मावेल एवढा खड्डा करते आणि त्याच्या तळाशी मागच्या वल्ह्यांनी अंड्यांसाठी उभे विवर खणते. एक वल्हे ओंजळीसारखे वळते, अलगद आत उतरते, वाळू वर आणून बाजूला ठेवते. मग दुसरे पुढची वाळू झटकून टाकते आणि त्याची पाळी सुरू होते. हे सारे पाठीमागे चाललेले असते, त्यातले तिला काहीही दिसत नाही. वल्हे तळाला पोहोचेनासे झाले की खणणे थांबते. साधारण शंभर पांढरी, ओलसर अंडी विवरात पडतात, आणि कवच चिवट, लवचीक असल्याने ती फुटत नाहीत. डोळ्यांतून ओघळणारे पाणी हे शरीरातील जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचा स्राव आहे. हे ठाऊक असूनही पाहणाऱ्याचा जीव कळवळतो, आणि त्यात गैर काही नाही.

पिल्ले सुमारे दोन महिन्यांनी बाहेर पडतात आणि क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात; म्हणून वस्तीतला दिवा त्यांनाही घातक ठरतो. कोकणात वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांचे संवर्धन चालते. तिथे पाहुणे जमतात ते मुख्यतः पिल्लांना समुद्रात सोडताना, म्हणजे उजेडी. रास अल जिन्झला मात्र आईची भेट असते, आणि ती उजेडात होणे नाही.

माणूसही इथे नवा नाही. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील वस्तीच्या अवशेषांत बोरूच्या बोटींना लावलेल्या डांबराचे तुकडे आणि हडप्पा संस्कृतीची खापरे सापडली आहेत. म्हणजे भारताच्या बाजूचा व्यापार पोहोचला, तेव्हाही हा किनारा ओसाड नव्हता.

पहाटे वाळूवर प्रत्येक मादीच्या दोन वाटा उमटलेल्या असतात, एक चढती आणि एक उतरती, आणि जाणकार त्यांवरून रात्रीचा हिशेब लावतात. काही वाटांच्या मध्ये अंडी असलेला खड्डाच नसतो. कुठे वाळू फार कोरडी निघून विवर ढासळलेले असते, कुठे खाली दगड लागलेला असतो, तर कुठे कोणीतरी घाईने दिवा लावलेला असतो.