रामटेकची वाट आणि अंगणातील थेंब

वैशाख उतरणीला लागला की नागपूर शहराचे दिवस उलटे होतात. पहाटे पाचला जाग, दहापूर्वी बाहेरची कामे, आणि मग सायंकाळपर्यंत दारे-खिडक्या लोटून घेतलेली घरे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की २५ मेच्या सुमारास नवतपा सुरू होतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, कूलरच्या टाक्या दिवसातून दोनदा भराव्या लागतात आणि इतवारीतील गल्ल्या भरदुपारी ओस पडतात. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतील एका स्वयंचलित यंत्राने तर ५६ अंशांची नोंद केली. साऱ्या देशात तिची चर्चा झाली आणि मग हवामान खात्याने खुलासा केला, की तो यंत्राच्या संवेदकाचा दोष होता. आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो कुठून आला हे पाहावे, एवढा बोध त्या प्रसंगाने शहराला दिला.

याच दिवसांत नागपूरच्या जैन कुटुंबांना रामटेकचे वेध लागतात. दिगंबर परंपरेनुसार सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांचे जन्म, तप आणि मोक्ष या तिन्ही कल्याणकांची तिथी एकच, ज्येष्ठ कृष्ण चतुर्दशी. महाराष्ट्राच्या अमान्त पंचांगात ती वैशाख वद्य चतुर्दशी म्हणून येते. रामगिरीच्या पायथ्याशी असलेल्या अतिशय क्षेत्रात शांतिनाथांची भव्य खड्गासन मूर्ती आहे. २०१७ साली आचार्य विद्यासागर महाराजांचा चातुर्मास याच क्षेत्री झाला. नागपूरहून कामठी, कन्हान ओलांडून मनसरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि मनसरला उजवीकडे वळण, अशी ही सुमारे ५० किलोमीटरची वाट. हिवाळ्यात ती सहल वाटते. वैशाख वद्य चतुर्दशीला मात्र तिची थोडी पूर्वतयारी करावीच लागते.

वर्धमाननगरातील एका कुटुंबाने अशीच तयारी चालविली होती. किराण्याचा घाऊक व्यापार, घरात तीन पिढ्या, आणि अंगणात नऊ-दहा वर्षे वापरलेली एक गाडी. आजींचा चतुर्दशीचा उपवास, तोही दिवसातून एकदाच उकळलेले पाणी घेऊन. पहाटे निघून अभिषेक व पूजा आटोपावी आणि उन्हे चढण्यापूर्वी परतावे, असे ठरले होते. द्वादशीच्या सकाळी मुलाने सहज बॉनेट उघडले, तेव्हा कूलंटच्या राखीव टाकीतील पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलेली दिसली. आठवड्यापूर्वीच त्याने तीत नळाचे पाणी घातले होते. “उन्हाळ्यात आटतेच,” असे म्हणून तो पुन्हा तांब्या घेऊन आला.

त्याच वेळी ओट्यावर बसलेल्या आजींचे लक्ष गाडीखाली गेले. अंगणात वावरणारी मांजरी आपल्या दोन पिलांसह गाडीच्या सावलीत विसावली होती. चाकाजवळच्या फरशीवर हिरवट, चकचकीत असा एक डाग होता आणि मांजरी मान खाली घालून तो हुंगत होती. आजींनी काठी आपटून तिला हुसकावले आणि नातवाला विचारले, “त्या पाण्यात काय असते रे?”

नातवाने कूलंटचा डबा आणून त्यावरील बारीक अक्षरे वाचली. पोटात गेल्यास विषारी, मुलांपासून व प्राण्यांपासून दूर ठेवावे, असे त्यावर स्पष्ट छापलेले होते. डबा तीन वर्षे घरात होता. तो मजकूर त्यापूर्वी कोणी वाचला नव्हता.

येथे थोडे थांबून या द्रवाची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल हे रसायन असते. त्याच्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो व थंड प्रदेशात ते गोठत नाही. सोबत मिसळलेली गंजरोधक द्रव्ये आतील धातूचे रक्षण करतात. हे रसायन चवीला गोड असते, आणि सारा धोका तेथेच आहे. पोटात गेल्यावर त्यापासून तयार होणारी आम्ले मूत्रपिंडे निकामी करतात. मांजरासारख्या लहान जिवाला अगदी थोडी मात्राही पुरते. अमेरिकेतील काही राज्यांनी म्हणूनच त्यात कडू द्रव्य मिसळण्याचा कायदा केला. आपल्याकडे नवतप्यात तहानलेले कुत्रे, मांजर, वासरू पाणी शोधत फिरत असते. त्याला सावलीही गाडीखाली मिळते आणि गोड ओलावाही तेथेच. त्या घराच्या कुंपणावर पाखरांसाठी पाण्याचे परळ ठेवलेले होते आणि ते रोज न चुकता भरले जात होते. दुसरे पात्र आपण नकळत अंगणात मांडून ठेवले आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

तांब्या बाजूला राहिला. डागावर कोरडी माती टाकून ती एका पिशवीत भरली गेली, फरशी धुतली गेली आणि मांजरीसाठी स्वच्छ पाण्याची वाटी मागील दारी गेली. गॅरेजमध्ये लग्नसराईच्या गाड्यांची रांग होती. दोन दिवसांनी या, असे उत्तर मिळाले. मग गळती कोठे आहे हे निदान घरीच शोधावे, असे पिता-पुत्रांनी ठरविले.

व्यापाऱ्याच्या घरी हे काम तसे परके नाही. रोकड जुळली नाही तर कोणी गल्ल्यात आपल्या खिशातले पैसे टाकून ती जुळवत नाही. फरक कोठून आला ते शोधतो. रेडिएटरची व्यवस्था ही बंद व्यवस्था आहे. तिच्यातील द्रव एका महिन्यात डोळ्यांना दिसेल इतका कमी होत असेल, तर तो कोठून तरी बाहेर जातो आहे. वरून पाणी ओतणे म्हणजे चुकीची रोकड खिशातून जुळविणे होय.

पहिला नियम असा, की तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना करावी. चालत्या गाडीत हा द्रव दाबाखाली असतो. झाकणामुळे आत सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब राहतो आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण फिरविले की दाब एकदम सुटतो, द्रवाची वाफ होऊन ती उसळते आणि चेहरा व हात भाजतात.

दुसरा प्रश्न, खाली पडते ते नेमके काय आहे? वातानुकूलन यंत्राचे पाणी गाडीखाली टपकतेच. ते रंगहीन, गंधहीन असते आणि साधारणपणे पुढच्या आसनांच्या सुमारास पडते. नवतप्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते, की हे पाणी फारच थोडे जमते. श्रावणात हेच पाणी भरपूर पडते. म्हणून मे महिन्यात गाडीखाली ओल दिसली, तर तिच्याकडे अधिक संशयाने पाहावे. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळे असते. कूलंट हिरवे, गुलाबी, लाल वा निळे असून बोटांना चिकट-बुळबुळीत लागते. हात लावल्यास लगेच साबणाने धुवावा. चव तर कधीच पाहू नये.

त्या रात्री दुकानातून आणलेले मोठे खोके उलगडून त्याचा पुठ्ठा गाडीच्या पुढील भागाखाली पसरला गेला आणि चाकांच्या जागा त्यावर खडूने आखल्या गेल्या. मांजरी तेथे येऊ नये म्हणून बाजूंनी फळ्या लावल्या. त्रयोदशीच्या सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढे तीन डाग होते, तिन्ही डाव्या बाजूस, रेडिएटरच्या मागे. सारी गाडी शोधण्याऐवजी आता वीतभर जागा शोधायची होती.

बॅटरीच्या उजेडात क्रमाने एकेक भाग पाहिला गेला. झाकणाचे रबर चिरलेले नव्हते. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या जाळीला जेथे जोडलेल्या असतात, तो सांधा कोरडा होता. वॉटर पंपाखाली ओघळ नव्हता. वरचा रबरी पाइप नरम व शाबूत होता. खालच्या पाइपाच्या तोंडाशी मात्र पांढरट-हिरवी पुटे साचलेली आढळली. द्रव झिरपून वाळला की अशीच खूण मागे राहते. पाइप आवळणारी लोखंडी पट्टी गंजून सैल झाली होती आणि रबराच्या कडेला बारीक भेगा होत्या. दोष सापडला, आणि तो घरी दुरुस्त होण्याजोगा होता.

प्रत्येक गळती अशी सोपी नसते. गाडीत गोडसर वास येत असेल, पायाखालची चटई ओली राहत असेल, तर दोष हीटरच्या जाळीत असतो. बाहेर थेंबही न पडता पातळी घटत असेल, धुराड्यातून सतत पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलचा रंग दुधी झाला असेल, तर द्रव इंजिनाच्या आतच जात आहे. अशी गाडी चालवू नये, ती ओढून कारागिराकडे न्यावी.

घरातील थोरल्यांनी हळदीचा उपाय सुचविला. हमरस्त्यावर रेडिएटर फुटला की त्यात मूठभर हळद टाकून गाव गाठणारे ट्रकचालक त्यांनी पाहिले होते. हळदीचा गाळ छिद्रात बसतो हे खरे. परंतु तो रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसतो आणि पुढे गाडी गळत नसली तरी तापू लागते. बाजारातील गळतीरोधक द्रव्येही अडचणीच्या वेळेपुरतीच वापरावीत.

दुपारपर्यंत नवा पाइप, दोन पोलादी पट्ट्या आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट आणले गेले. जुना पाइप सोडविताना खाली रुंद घमेले ठेवले होते. त्यात जमलेला द्रव झाकणाच्या डब्यात भरून, वर चिठ्ठी चिकटवून, गॅरेजमध्ये देण्यासाठी वेगळा ठेवला. नालीत ओतला असता तर तो दुसऱ्या कोणाच्या दारापुढे गेला असता. पट्टी पाइपाच्या टोकापासून थोडी आत बसवून बेताने आवळली. फार आवळल्यास रबर कापले जाते.

द्रव भरताना आजींनी विचारले, की घरात उकळून गाळलेले पाणी आहे, ते का चालत नाही? प्रश्न रास्त होता. गाळल्याने व उकळल्याने पाण्यातील जिवांचा विचार होतो, पण त्यात विरघळलेले क्षार तसेच राहतात. हेच क्षार नागपूरच्या प्रत्येक कूलरच्या जाळीवर मे अखेरीस पांढरे थर धरून बसतात. रेडिएटरच्या नळ्यांतही ते तसेच बसतात. म्हणून येथे डिस्टिल्ड वॉटरच हवे. घट्ट कूलंट असेल तर ते निम्मे-निम्मे मिसळावे, तयार मिश्रण असेल तर त्यात काहीच मिसळू नये. त्यानंतर हीटर पूर्ण चालू ठेवून इंजिन सुरू केले, आत अडकलेली हवा निघू दिली आणि गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहून भरून काढली.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणास वाटेल. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एक तृतीयांश उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते, आणि ती बाहेर जाते द्रव व हवा यांच्या तापमानातील फरकामुळे. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांच्या हवेत ९० अंशांच्या द्रवाला ७८ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत तो निम्म्याच्या जवळ येतो. त्यातच द्रव कमी पडला, तर मनसरच्या उघड्या महामार्गावर गाडी बंद पडणे अटळ होते, आणि गाडीत उपवासाच्या आजी असणार होत्या.

चतुर्दशीच्या पहाटे निघण्यापूर्वी दुसरा पुठ्ठा बाहेर ओढला गेला. तो कोरडा होता. कन्हानचा पूल ओलांडताना उजाडले. परतीच्या वाटेवर ऊन चढले होते, तरी काटा मधल्या रेषेवरून हलला नाही. शांतिनाथांसमोर आजी नेहमीपेक्षा अधिक वेळ उभ्या होत्या, एवढेच त्या दिवशी वेगळे घडले.

मुनिराज पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. तिला ईर्यासमिती म्हणतात. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे. गृहस्थाला वाहन सुटत नाही, त्याच्या वाहनाला चार चाके आहेत आणि त्याखालची चार हात जमीन त्याच्या नजरेआड राहते. त्या घरात आता एक रीत पडली आहे. किल्ली फिरविण्यापूर्वी कोणीतरी वाकून गाडीखाली पाहतो, तेथे पिलू निजले आहे का आणि थेंब पडला आहे का. बहुधा हे काम आजीच करतात. गुडघे दुखतात म्हणून त्या काठी टेकवून वाकतात, आणि त्यांनी मान हलविल्याशिवाय गाडी सुरू होत नाही.