निरवांगीचा चमचा

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीला उतरलो तेव्हा ऊन टळटळीत होते. नीरेकडून येणारा वाराही तापलेला. बरोबरच्या मावशींना भोवळ आली. टपरीवाल्याने सोड्याची बाटली काढली. ओपनर मात्र बेपत्ता! (दोरीला बांधलेली वस्तू नेमकी दोरीसकट जाते.) मी दात लावणार, तोच पारावरचे एक आजोबा म्हणाले, "पावनं, दात पुन्हा उगवत न्हाईत. आना हिकडं."

त्यांनी बाटलीची मान मुठीत आवळली, तर्जनी बुचाला खालून भिडवली, चहाच्या चमच्याचे टोक बोटावर टेकवून बुचाच्या कडेखाली सारले आणि दांडा खाली दाबला. फस्स! पहारीला टेकू देऊन धोंडा उलथतात, तीच ही युक्ती. टेकू बोटाचा, इतकेच. अमेरिकेतल्या विल्यम पेंटरने १८९२ साली या बुचाचे पेटंट मिळवले. त्याला हल्ली २१ दाते असतात. मी तिथेच मोजले.

"आमची गोटीची बाटली बरी," आजोबा म्हणाले. "अंगठ्यानं गोटी आत ढकलली, की झालं."

दोन घोटांनी मावशींनी डोळे उघडले आणि विचारले, "पैसे दिलेस का रे त्यांचे?"