निकाल कुणाच्या हाती?

माघ पौर्णिमेच्या आदल्या रात्री धनेगावात थंडी चांगलीच बोचते. कचारगडच्या यात्रेला आलेली माणसं शेकोट्या पेटवून बसलेली असतात. पहाटे गुहेकडे निघायचं असतं. त्या रात्री आमच्या तपासणीच्या तंबूत येणाऱ्यांची तक्रार ठरलेली. ‘हाडं फुटून राहिली जी.’ पंधरा-सोळा वर्षांची पोरं, दिवसभर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून आलेली, पाणी धड प्यायलेली नाहीत, अंगात पातळसं स्वेटर. काहींचं दुखणं प्रवासाचं असतं. काहींचं रक्तातलं.

सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका कशाने येतो? थंडी, पाणी कमी पडणं, अंगमेहनत, ताप. कचारगडच्या यात्रेत यातल्या पहिल्या तीन गोष्टी एका रात्रीत भेटतात. तरीही ‘यात्रेला जाऊ नका’ असं मी कुणाला म्हणत नाही. कली कंकालीची तेहतीस मुलं ज्या गुहेत कोंडली गेली आणि पारी कुपार लिंगोने ज्या गुहेतून ती सोडवली, तिथे जाऊ नकोस असं गोंडाच्या पोराला सांगणारी मी कोण? पाण्याची बाटली धर, कानाला बांध, चढताना दोनदा बस, एवढंच सांगते.

रक्तविकार हा माझा विषय. गेली काही वर्षं मात्र सूक्ष्मदर्शकापेक्षा नोंदींच्या तक्त्यांपुढे जास्त बसते. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. १ जुलै २०२३ला शहडोलमधून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ ही मुदत. (हा ‘आदिवासींचा आजार’ आहे हा समज मात्र सोडा. विदर्भात तो अनेक जातींत आहे. मलेरियाच्या मुलखात एका सिकल जनुकाने पिढ्यान्‌पिढ्या जीव वाचवले, म्हणून तो टिकला. मलेरियाचा डास जात विचारत नाही.)

तपासणी अवघड नाही. बोटातून थेंबभर रक्त, नळीतल्या द्रावणात टाकायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. गढूळपणात बुडाल्या तर रक्तात सिकलचं ‘एस’ हिमोग्लोबिन आहे. पण ती व्यक्ती नुसती वाहक, म्हणजे एएस, की रुग्ण, म्हणजे एसएस, हे नळी सांगत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसाठी पुढे जातो. निकाल येईपर्यंत यात्रा उठलेली असते. माणसं बालाघाटला, राजनांदगावला, थेट तेलंगणात परतलेली असतात. आता दहा-पंधरा मिनिटांत एएस की एसएस सांगणाऱ्या कागदी पट्ट्या आल्या आहेत आणि त्यांनी माझं अर्धं दुखणं हलकं केलं. उरलेलं अर्धं असं, की निकाल संगणकात शिरतो आणि परत माणसापर्यंत येत नाही.

का येत नाही, हे कळायला आमचाच एक तक्ता उघडून पाहावा लागला. निम्म्याअधिक जन्मतारखा १ जानेवारी. वय विचारलं की आजी म्हणते, ‘असन वीस-बावीसची’; यंत्राला तारीख हवी असते, मग भरणारा वर्ष अंदाजाने टाकतो आणि दिवस १ जानेवारी. आडनाव मराठीत उईके, सीमेपलीकडे हिंदीत उइके, इंग्रजी लिपीत त्याची तीन रूपं. एकच मुलगी शाळेत तपासली, यात्रेत तपासली, माहेरपणाला आली तेव्हा गावात तपासली, आणि आमच्याकडे तीन मुली झाल्या. कागदोपत्री तपासण्यांचा आकडा फुगला. पोरीला तिचा निकाल एकदाही मिळाला नाही. चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक याच गुंत्यावर उपाय म्हणून आला आणि तत्त्वतः तो बरोबरच आहे. पण दरेकशाच्या डोंगरात टॅबवरचं ते गोल चक्र फिरत राहिलं, की मागची रांग जेवायला निघून जाते. म्हणून आम्ही नोंद आधी टॅबमध्येच ठेवतो आणि नेटवर्क मिळेल तिथे चढवतो. साधी गोष्ट आहे, पण ती सुचायला आम्हाला दोन यात्रा लागल्या.

पडद्यावरच्या डॉक्टरबद्दल मला विचारतात. ‘ई-संजीवनी’ नोव्हेंबर २०१९पासून आहे आणि तिचा उपयोग मी स्वतः करते. सिकलसेलवरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू केलेल्या मुलाच्या रक्तपेशी दर काही आठवड्यांनी मोजाव्या लागतात. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने अहवाल दाखवला की डोस मी नागपुरात बसून ठरवू शकते. त्या घराची एक मजुरी आणि एसटीचं भाडं वाचतं. पण एसएस असलेल्या पोराला ताप भरला, तर त्याला पडदा नको. अँटिबायोटिक हवं, ते देणारा हात हवा, आणि त्याच रात्री हवा.

तंत्रज्ञान कसं असावं, याचा या भागातला माझा आवडता नमुना शेजारच्या गडचिरोलीतला आहे आणि त्याला वीज लागत नाही. तिथल्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय बंग यांनी बाळाचे श्वास मोजायला एक साधन केलं : मिनिटभराची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. ज्या दाईला मोठे आकडे मोजता येत नव्हते, तिच्या हातात निदान आलं. निकाल तिथेच, बाळाच्या आईसमोर. कुठे चढवायचा नाही, कुठून उतरवायचा नाही.

आमचा लाल मणी कोणता, हे मला एका म्हाताऱ्याने दाखवलं. तंबूत वाहकाचं गणित मांडत होते : आईबाप दोघंही एएस असले तर दर गरोदरपणात चारातला एक संभव एसएसचा. माणसं ऐकत होती, पण ऐकून घेतल्यासारखी. म्हातारा म्हणाला, ‘म्हंजे आमी देव पायतो तसंच ना बाई?’ गोंडांत सोयरिकीआधी देवसंख्या विचारतात. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. संख्या जुळली तर भाऊबंद, लग्न नाही. मांडवाआधी एक आकडा विचारायची रीत या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि मी तिथे आनुवंशिकीचे चौकोन काढत बसले होते! त्या दिवसापासून मी देवापासूनच सुरुवात करते. देव वेगळे असूनही दोघांच्या सिकलसेलच्या कार्डावर एएस निघू शकतं, एवढाच नवा भाग.

पण म्हातारा तिथेच थांबला नाही. ‘देव तर साऱ्याइले ठाऊक रायते,’ तो म्हणाला. ‘हे कोणाकोणाले दिसन?’ वैयक्तिक विदेबाबतचा कायदा २०२३मध्ये झाला, संमतीचा रकाना आमच्या अर्जात होता, अंगठाही घेत होतो. तरी मला नीट उत्तर देता आलं नाही.

उत्तर भलतीकडून आलं. निकालाचे संदेश चुकीच्या क्रमांकांवर जात होते. काही क्रमांक रिचार्जअभावी बंद पडून दुसऱ्या कुणाला मिळालेले, हे समजण्यासारखं होतं. पण लग्नाच्या वयाच्या मुलींच्या नोंदींत चुकीचे क्रमांक फारच होते. मी ते भरणाऱ्या पोरांच्या हलगर्जीपणावर ढकलले आणि त्यांना बरंच बोलले. एका आशाताईने मला बाजूला घेतलं. ‘मॅडम, थे चुकत नाई. पोरी मुद्दाम एक आकडा बदलून सांगतात. फोन भावाजवळ रायते. मेसेज आधी त्याले दिसते, मग घरात, मग गावात.’

म्हणजे ज्याला आम्ही नोंदीतली चूक समजून पुसत होतो, तो नकार होता, आणि आमच्या संमतीच्या रकान्यापेक्षा खरा होता. त्या पोरांची मी माफी मागितली. मग अर्ज बदलला. मोबाईलचा रकाना आता ऐच्छिक आहे. त्याच्या वर एक प्रश्न आहे : निकाल कुणाच्या हाती द्यायचा? गोंडी बोलणाऱ्यांसाठी तो ध्वनिमुद्रित करून घेतला. कानाला लावला की ऐकू येतो, शेजारच्याला येत नाही.

उत्तरं कुठल्याही यादीत न बसणारी येतात. आईच्या. आशाताईच्या, पण घरी येऊन नको. शाळेतल्या बाईंच्या. एकीने आजोळच्या मामीचं नाव सांगितलं, ती सीमेपलीकडच्या गावात. गेल्या खेपेला एक मुलगी ध्वनिमुद्रण दोनदा ऐकून बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘लिवा, माह्याच हाती. बाजाराच्या दिवशी मीच येतो दवाखान्यात.’

भरणाऱ्या पोराने माझ्याकडे पाहिलं. तारखेच्या रकान्यात ‘बाजाराचा दिवस’ बसत नव्हतं. मी त्याला शेऱ्यात लिहायला सांगितलं.