दोघांचा खोकला

काकांचा खोकला निघायला दोन माणसं लागतात. काकी त्यांच्या बरगड्यांखाली दोन्ही तळवे ठेवते आणि म्हणते, "अहो, घ्या." काका मावेल तेवढा श्वास घेतात. ते खोकायला लागतात त्याच क्षणी काकी पोट आत आणि वर दाबते. घशाशी घुरघुरणारा कफ तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुटतो. मग काकी पदराने आधी त्यांचं कपाळ पुसते, नंतर स्वतःचं.

पाच वर्षांपूर्वी वैशाखात, गोळपच्या बागेत, आंब्याच्या कलमाची फांदी मोडली. आधी आंबे काढायचा झेला खाली आला, मागोमाग काका. आम्ही चौघांनी त्यांना हातापायांना धरून उचललं. मान लोंबत होती. अशा माणसाला मान न हलवता, फळीवर सरळ ठेवून न्यायचं असतं, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. ते लोंबणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

छाती आणि पोट यांच्यामधला पडदा श्वास ओढतो. त्याची नस मानेत, मज्जारज्जूच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते. काकांच्या मज्जारज्जूची इजा त्या पातळीच्या जराशी खाली, म्हणून पडदा वाचला. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू मात्र गेले. श्वास आत येतो, पण जोराने बाहेर टाकायला बळ नाही. पावसाळ्यात साधी सर्दी झाली तरी घर रात्रभर जागं असतं.

आपल्याला धाप लागली की आपण उठून बसतो. काकांचं उलटं आहे. बसले की पोट पुढे ओघळतं, पडदा खाली उतरतो आणि दम पुरत नाही. आडवे झाले की बरं वाटतं. पहिले कित्येक महिने आम्ही मायेनेच त्यांना उशांना टेकवून बसवत होतो! आता खुर्चीत बसवण्याआधी काकी पोटाला रुंद पट्टा आवळते.

रोज सकाळी श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. सहाशेचा चेंडू वर जातो, नऊशेचा नुसता थरथरतो. काकांना त्या वेळी मुरलीकांत पेटकर आठवतात. १९६५च्या युद्धात त्यांच्या पाठीच्या कण्यात गोळी शिरली आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं, ३७.३३ सेकंदांत. "एवढा वेळ तर मी चेंडूकडे बघण्यातच घालवतो," काका म्हणतात, आणि पुन्हा नळी तोंडात धरतात.

पूर्वी शिमग्यात काकांची आरोळी वरच्या वाडीपर्यंत जायची. यंदा पालखी अंगणात आली, ढोल घुमला. काकांनी तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. काकी खुर्चीपाशी वाकली, बरगड्यांखाली तळवे ठेवले आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "घ्या."

पालखी धरणारे वळून बघायला लागले.